महाराजांची भूमिका करताना

पेण-रोह्याकडच्या हौशी नटाच्या वाट्याला कधी ना कधी ऐतिहासिक नाटक येतंच. माझ्या वाट्याला आलं वसंत कानेटकरांचं 'रायगडाला जेव्हा जाग येते'. तरुणपणी त्यात मी संभाजी केला आणि केस पिकल्यावर शिवाजी महाराज. एकाच नाटकात आधी लेक आणि मग बाप होणं, हे नटाचं केवढं भाग्य!

१९६२ साली गोवा हिंदू असोसिएशननं हे नाटक रंगभूमीवर आणलं. मास्टर दत्ताराम महाराज, काशिनाथ घाणेकर संभाजी. घाणेकरांनी प्रेक्षकांना असं वेड लावलं, की पुढे गावोगावी प्रत्येक तरुण नटाला संभाजीच हवा असायचा. संभाजी चिडतो, उसळतो, बोलून मोकळा होतो. महाराजांना ती मुभा नाही.

अभिषेक झालेला हा राजा घरात हरत चालला आहे. एकीकडे राणी सोयराबाई, दुसरीकडे अण्णाजी-मोरोपंत हे कारभारी, आणि मधे दुखावलेला मुलगा. इथे नट सवयीनं छाती काढून पल्लेदार आवाज लावतो आणि भूमिका हातची घालवतो. तालमीत आमचे दिग्दर्शक सारखे सांगायचे, "आवाज खाली घे. अजून खाली. तू घरात बोलतोयस." जिरेटोप कपाळाला काचतो, घामानं दाढीचा डिंक सुटायला लागतो, तरी हात वर न्यायचा नाही. मुलाला पोटाशी धरावंसं वाटतंय आणि जाब तर विचारायचाय, हे नुसत्या मानेतून दिसलं पाहिजे. वाक्याआधीचा एक थांबा हुकला, की सगळा प्रवेश सपाट!

त्यात आमचा प्रेक्षक रायगड चढून आलेला. पेणला समोर गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारे कारागीर बसतात. नजर खोटी पडली तर त्यांना आधी कळतं. रोह्याला उघड्या मांडवात प्रयोग होता. बापलेक समोरासमोर आले आणि मागच्या चहाच्या गाडीवरची कपबशांची खडखडही थांबली. त्या शांततेपुढे मला टाळी कधी मोठी वाटली नाही.

हल्ली या नाटकातला एखादा प्रवेश तोडून स्पर्धेत करतात. मुलांनो, अख्खं नाटक बसवा. आणि संभाजी करणाऱ्यानं आपलं काम नसेल त्या दिवशीही महाराजांच्या तालमीला येऊन बसावं.