रशियाच्या बादशाही घराण्याची वंशावळ



रशियाच्या रोमानोव्ह घराण्याचा पहिला झार मिखाईल. तो कांहीं आभाळांतून पडला नव्हता. 1613 सालीं सभेनें त्यास निवडलें. 1730 सालीं पुरुषवंश खुंटला. मग पीटर बादशहाच्या लेकीचा मुलगा जर्मनींतून आणिला, तो 1762 त तख्तावर बसला. म्हणजे पुढचें सारें घराणें लेकीच्या पोटचें! आणि त्याच्याच मुलानें, पॉलनें, 1797 सालीं कायदा केला कीं, घराण्यांत एकहि पुरुष असेतों बाईस तख्त नाहीं. कृतघ्नपणा तो किती!

तेथला कुणबी 1861 पर्यंत जमिनीसह, कधीं जमिनीवांचूनहि, विकला जाई. त्याची वंशावळ कोण लिहिणार? त्याचें नांव डोईपट्टीच्या यादींत.

1917 त तख्त गेलें. 1918 त निकोलस बायकामुलांसह मारला गेला; लेंकरांचा काय गुन्हा? 1924 त त्याचा चुलतभाऊ किरिल परमुलुखांत स्वतःस बादशहा म्हणवूं लागला. त्याची नात मारिया, जन्म माद्रिद, 1953. बाप 1992 त वारल्यावर ती वारसा सांगते. कांहीं भाऊबंद म्हणतात, तिच्या आईचें कुळ बरोबरीचें नव्हे. ती म्हणते, बरोबरीचेंच आहे. हलक्या कुळांत लग्नें तुम्हीच केलीं, सबब तुम्हीच बाद.