लेकराचा जीव आणि मायचा जीव



आजचा विषय असा आहे की गटाच्या बैठकीत त्यावर मोठ्यानं कोणी बोलत नाही. वसुली झाली, वही मिटली, की एखादी बाई हळूच बाजूला घेते आणि विचारते. तो विषय म्हणजे गर्भपात.

10 ऑगस्ट 2022 ला दिल्लीत कॅथोलिक ख्रिस्ती लोकांनी गर्भपाताच्या विरोधात पदयात्रा काढली. आपल्याकडची माणसं श्रद्धेनं शेगावला पायी जातात ना, तशीच श्रद्धेनं ही माणसं चालली, प्रार्थना केली. तारीखही विचार करून निवडलेली. 1971 साली याच तारखेला आपल्या देशात गर्भपाताचा कायदा मंजूर झाला होता.

त्यांचा धर्म सांगतो की गर्भ राहिला त्या घटकेपासून तो देवानं दिलेला जीव आहे. तो मुलगा आहे की मुलगी, धडधाकट आहे की अपंग, यावर त्याची किंमत ठरत नाही. अमरावतीतही 1955 पासून कॅथोलिक धर्मप्रांत आहे. त्यांच्या शाळा, दवाखाने आपल्या ओळखीचे आहेत. कोणी मनापासून प्रार्थना करत असेल तर त्याची थट्टा करू नये. आणि मुलगी म्हणून जीव नाकारू नये, हे तर आपण सगळ्याच म्हणतो. 2001 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 913 मुली होत्या, 2011 मध्ये 894 राहिल्या. त्या मुली कुठे गेल्या, हे आपल्याला ठाऊक आहे.

पण इथेच एक घोटाळा होतो. गावात मला बाया म्हणतात, "ताई, पोट पाडनं आता बंद झालं म्हनतात. दवाखान्यात गेलं तं पोलीस येते." असं नाही, मैत्रिणींनो. कायदे दोन आहेत. गर्भाचं लिंग तपासणं आणि मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं हा गुन्हा आहे. लिंगतपासणीविरुद्ध देशात पहिला कायदा आपल्या महाराष्ट्रानं 1988 साली केला, मग 1994 साली देशाचा कायदा आला. दुसरा कायदा 1971 चा. बाईच्या जिवाला किंवा तब्येतीला धोका असेल, मनावर मोठा आघात होणार असेल, जबरदस्ती झाली असेल, बाळात गंभीर व्यंग असेल, किंवा दिवस जाऊ नयेत म्हणून वापरलेला उपाय फसला असेल, तर 20 आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरच्या मतानं गर्भपात करता येतो. 2021 च्या दुरुस्तीनंतर काही ठरावीक अडचणींत दोन डॉक्टरांच्या मतानं 24 आठवड्यांपर्यंत करता येतो. बाई अठरा वर्षांची झालेली असेल तर सही फक्त तिची लागते. नवऱ्याची नाही, सासूची नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं दवाखान्यावर बंधनकारक आहे.

हे माहीत नसलं की काय होतं, ते एका गावात पाहिलं. गावाचं नाव सांगत नाही. तीन लेकरांची माय. पुन्हा दिवस गेले. नवऱ्यानं कुठूनतरी गोळ्या आणून दिल्या. पाच दिवस अंगावरून जात होतं आणि ती तशीच निंदायला जात होती, कारण दवाखान्यात गेलं तर पोलीस धरतील असं कोणीतरी सांगितलं होतं. सहाव्या दिवशी वावरातच पडली. वाचली, पण थोडक्यात. त्या बाईला लेकरू नको होतं की हवं होतं, हे मी नंतर विचारलं. ती म्हणाली, "मले कोनी इचारलंच नाही."

आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट ही आहे. एक जण म्हणतो पाडून टाक, दुसरा म्हणतो पाडू नको. दोघंही तिच्या डोक्यावरून एकमेकांशी बोलतात. जिच्या पोटात आहे तिला विचारायचं राहून जातं.

आणि जो म्हणतो "लेकरू ठेव", त्यानं पुढचा भार उचलायला हवा. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी 1863 साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांना पापपुण्य सांगत बसले नाहीत. इथे या, सुखरूप बाळंत व्हा, लेकरू ठेवायचं तर ठेवा, नाही तर आम्ही सांभाळू, असं सांगितलं. तिथेच जन्मलेल्या यशवंताला त्यांनी पुढे दत्तक घेतलं. आपल्या अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर आहेत, 2024 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. लोकांनी टाकून दिलेली शंभरावर अपंग, मूकबधिर लेकरं त्यांनी वाढवली आणि बापाच्या जागी स्वतःचं नाव दिलं. जीव वाचवा म्हणायचा अधिकार अशा कामातून येतो. पदयात्रेत चाललेल्या भाविकालाही मी आदरानं हेच म्हणेन: चालून आल्यावर एखाद्या अडलेल्या बाईच्या दारात थांबा.

आता आपण गटानं काय करायचं? पहिलं, तिला एकटीला बसवून विचारायचं, "बाई, तुझ्या मनात काय आहे?" सासू नाही, जाऊ नाही, फक्त आपण. तिला लेकरू हवं असेल आणि घरचे मुलगी आहे म्हणून किंवा खर्चापायी नको म्हणत असतील, तर चारचौघी मिळून घरी जा. ऐकत नसतील तर 181 या महिला हेल्पलाइनवर फोन करा. तिला ठेवायचं नसेल तर वेळ घालवू नका, जितक्या लवकर जाल तितका धोका कमी. मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणू नका, गावातल्या कोणाच्या हातून काही करून घेऊ नका. अमरावतीचं डफरीन, अकोल्याचं लेडी हार्डिंग ही आपली सरकारी स्त्री रुग्णालयं आहेत. एक जण सोबत जा. पैसे लागले तर अंतर्गत कर्ज द्या आणि वहीत फक्त "दवाखाना" लिहा.

बाळंत झाल्यावर लेकरू सांभाळणं शक्यच नसेल, तर उकिरड्यावर टाकायची वेळ येऊ देऊ नका. 1098 वर फोन करा. बालकल्याण समितीपुढे लेकरू कायद्यानं सोपवता येतं, आणि मन बदललं तर 60 दिवसांच्या आत परत घेता येतं.

आणि ही पाळीच येऊ नये म्हणून आशाताईंना तांबी, अंतरा इंजेक्शन, गोळ्या याबद्दल मोकळेपणानं विचारा. पुरुषाची नसबंदी बाईच्या ऑपरेशनपेक्षा सोपी असते, हे आज घरी मोठ्यानं सांगा. हे बायांचंच काम आहे असं कोणत्या पोथीत लिहिलंय?

पुढच्या बैठकीत वसुलीच्या आधी दहा मिनिटं या विषयाला द्या. बाजूला घेऊन नाही, सगळ्यांमध्ये बसून बोला.