आडवारच्या दुपारी अख्खा वर्ग

(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान, ध्वनिमुद्रणावरून. जाहीर विषय : ‘मराठी बालरंगभूमीची वाटचाल’)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘मराठी बालरंगभूमीची वाटचाल’. वाटचाल म्हटली की कुणी संस्था काढली, कुणी नाटक लिहिलं, कुणी चेटकीण गाजवली हे आपण सांगतो. नाटक बघायला कोण आलं आणि कोण कधी आलंच नाही, याचा हिशेब सहसा कुणी मांडत नाही. मला आज त्या न आलेल्या मुलांबद्दल बोलायचं आहे.

सांगलीत उभं राहून 1843 साल, विष्णुदास भावे आणि ‘सीता स्वयंवर’ सांगायला नकोच. (हशा) हरिपूरच्या देवलांबद्दल तर तुम्हीच मला चार गोष्टी सांगाल. बालरंगभूमीपुरतं थोडक्यात सांगते. सुधा करमरकर अमेरिकेत मुलांच्या रंगभूमीचा अभ्यास करून आल्या आणि 1959 साली त्यांनी रत्नाकर मतकरींचं ‘मधुमंजिरी’ रंगमंचावर आणलं. मुलांचं नाटक म्हणजे स्नेहसंमेलनातली हौस, ही समजूत तिथे मोडली. खरं नेपथ्य, खरी प्रकाशयोजना, मोठ्यांच्या नाटकाइतकीच तालीम. पुढे मतकरींनी स्वतःची संस्था काढली, ‘अलबत्या गलबत्या’, ‘निम्मा शिम्मा राक्षस’ आली. तेंडुलकरांनी आणि सई परांजपे यांनी मुलांसाठी लिहिलं. 1986 साली डॉ. मोहन आगाशे यांनी बर्लिनच्या ग्रिप्स थिएटरची पद्धत पुण्यात आणली. राजा नाही, परी नाही. मोठी माणसं लहान मुलांच्या भूमिका करतात आणि नाटक घरातल्या, शाळेतल्या, गल्लीतल्या प्रश्नांचं. ‘छान छोटे वाईट्ट मोठे’ इथल्या अनेकांनी पाहिलं असेल. हे सगळं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून पुढे जाते.

ग्रिप्सची नाटकं आपण घेतली, गाणी घेतली, अभिनयाची रीत घेतली. एक गोष्ट मात्र आपण घेतली नाही. बर्लिनमध्ये या नाटकांचे प्रयोग आठवड्यातल्या कामाच्या दिवशी सकाळी होतात आणि शाळेचे वर्गच्या वर्ग शिक्षकांबरोबर येऊन बसतात. आपल्याकडे बालनाट्याचा हंगाम कोणता? मे महिना आणि दिवाळीची सुट्टी. तिकीट कोण काढणार? आई-बाबा. म्हणजे ज्या घरात सुट्टीच्या दिवशी चार तिकिटं काढण्याइतके पैसे आहेत, मुलाला घेऊन येण्याइतका वेळ आहे आणि मुळात नाटकाची सवय आहे, त्या घरातलं मूल नाट्यगृहात पोचतं. ते जरूर पोचावं. पण त्याच्याच बाकावर बसणारं दुसरं मूल, ज्याचे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात, ते मूल या वाटचालीत कुठेच नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि आज मी ते सोडणार नाही : मुलांनी नाटक आडवारी, भर दुपारी, शाळेच्या वेळात आणि अख्ख्या वर्गानं बघावं. कुठल्याही नाट्यगृहात जाऊन बुकिंगची वही उघडा. शनिवार-रविवार भरलेले दिसतील. मंगळवार-बुधवारची दुपार बघा. पान कोरं असतं. खुर्च्या आहेत, पडदा आहे, दिव्यांचे खांब आहेत, वॉचमन आहे. सगळं आपल्याच करातून उभं राहिलेलं आणि कुलपात.

कुणी म्हणेल, नाटकच शाळेत आणा की! आणतात. पटांगणात टेबलं जोडून स्टेज करतात, माइक चरचरतो, नट ऊन डोळ्यांवर घेऊन ओरडतात. कलावंत मनापासून करतात, त्यांना नमस्कार. पण शाळेच्या कार्यक्रमात मूल सतरंजीवर बसतं आणि पाहुणे खुर्चीवर, हे तुम्ही कधी लक्षात घेतलंय का? नाट्यगृहात पहिल्या रांगेतली गादीची खुर्ची त्या मुलाची असते. त्याच्यासाठी तिसरी घंटा होते. त्याच्यासाठी अंधार होतो आणि त्याच्यासाठी पडदा उघडतो. इतकी माणसं आपल्यासाठी राबली आहेत, हे त्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. (टाळ्या)

यातल्या अडचणी मला ठाऊक आहेत. एकच सांगते, पण नीट सांगते, कारण ती फारशी कुणाच्या यादीत नसते. ती म्हणजे खिचडी. (हशा) हसू नका. जतच्या पूर्व भागातली जिल्हा परिषदेची एक शाळा आम्ही काही शिक्षकांनी नाटकाला आणायचं ठरवलं. ऑगस्ट महिना होता. एसटीची गाडी प्रासंगिक करारावर मिळाली. शैक्षणिक सहलीला भाड्यात 50 टक्के सवलत असते, तीही मिळाली. पालकांची संमतिपत्रं आली. प्रयोग दुपारी बाराचा. आणि आदल्या आठवड्यात मुख्याध्यापकांचा फोन, “बाई, सगळं जमलंय, पण पोषण आहाराचं काय?” बरोबर होतं त्यांचं. काही मुलं घरून चहा पिऊन येतात, दिवसातलं पहिलं पोटभर जेवण शाळेतच होतं. त्यांना उपाशी बसवून नाटक दाखवायचं? पहाटे शिजवून आणावी तर पावसाळी हवेत दुपारपर्यंत खिचडी टिकेल याची खात्री नाही.

मार्ग काढला तो शाळेत स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी. शहरातल्या एका शाळेचं स्वयंपाकघर मागून घेतलं, तांदूळ-डाळ गाडीत घातली आणि मावशी स्वतः आल्या. “माझ्या पोरांना दुसऱ्या कुणी वाढायचं नाही,” म्हणाल्या. तिथल्या चुलीवर पातेलं चढवून मावशी नाट्यगृहाच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. आत बसेनात. खुर्ची आपल्यासाठी आहे असं त्यांना वाटेना. डोअरकीपरनं हात धरून बसवलं. प्रयोग संपला, मुलं व्हरांड्यात ओळीनं बसली, तेवढ्यात व्यवस्थापक धावत आले. इथे जेवायला परवानगी नाही म्हणाले. ते नाट्यगृह कुठलं ते सांगणार नाही, विचारू नका. मावशींनी डाव हातात तसाच धरून विचारलं, “सायेब, हितं लग्नाच्या पंगती बसत्यात का न्हाई?” (प्रचंड हशा) बसायच्या. साहेबांनी तालमीची खोली उघडून दिली, वर पिण्याच्या पाण्याचे दोन जारही पाठवले.

पण मला सांगायचंय ते यापुढचं. परतीच्या गाडीत मी होते. कवठे महांकाळ मागे पडल्यावर मावशींनी विचारलं, “बाई, त्या पोराची आई शेवटाला आली का न्हाई? मी खिचडी बघाया उठले बगा.” मी तोंड उघडायच्या आत अख्खी गाडी उठली. आली म्हणून सांगायला एक गट, आली पण राहिली नाही म्हणून सांगायला दुसरा. घरी कानडी बोलणारी मुलं होती, ती मध्येच कानडीत शिरायची. वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी उभी राहून आईची चाल करून दाखवत होती. जत येईपर्यंत त्या नाटकाचा शेवट निदान पाच वेळा झाला, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी दुसऱ्याला दुरुस्त केलं. (टाळ्या) नंतर त्या मुलांना कुणी निबंध लिहायला लावला नाही, आणि लावूही नये. आई-बाबांबरोबर बघितलेलं नाटक आईस्क्रीम खाऊन घरी जातं आणि तिथेच राहतं. वर्गानं बघितलेलं नाटक वर्गात राहतं, कारण त्याबद्दल भांडायला सगळे सोबती तिथे असतात. आणि त्या भांडणात एकालाही “मी नव्हतो” म्हणावं लागत नाही.

एक चिठ्ठी आली आहे. ‘अभ्यासाचा दिवस बुडतो, त्याचं काय?’ खाली सही नाही, पण अक्षर शिक्षकाचं आहे. (हशा) उत्तर देते. शिक्षण हक्क कायद्यानं सहावी ते आठवीला वर्षाचे 220 दिवस आणि 1000 तास अध्यापनासाठी ठरवले आहेत. पाचवीपर्यंत 200 दिवस आणि 800 तास. त्यातले नाटकाला चार तास. बालहक्कांच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर आपल्या देशानं 1992 साली मान्यतेची मोहोर उमटवली. त्याच्या 31व्या कलमात मुलांचा सांस्कृतिक जीवनात भाग घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. जो हक्क आहे त्याला आपण बुडलेला दिवस म्हणायचं? शिक्षकांवर मी बोट ठेवत नाही. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं यांत त्यांचे किती दिवस जातात, ते मी आतून बघितलं आहे. त्या दिवसांचा हिशेब कुणी मागत नाही, आणि नाटकाच्या चार तासांचा मात्र मागतात, हे मला मान्य नाही.

अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत. दहा मिनिटं? पाचच? बरं. मतकरींनी ठाण्यात वस्त्यांमधल्या मुलांसाठी सुरू केलेल्या वंचितांच्या रंगमंचाबद्दल बोलायचं होतं, ते राहू द्या. कामाचं तेवढं सांगते.

पहिली ते चौथी आणि आठवी-नववी एका प्रयोगाला कोंबू नका. लहानांसाठी दिवे एकदम घालवू नका. उन्हातून आलेलं सहा वर्षांचं मूल काळोखाला घाबरतं, सावकाश मावळू द्या. मध्यंतर दहा मिनिटांचं धरू नका, पाचशे मुलांना तेवढी स्वच्छतागृहं कुठल्याही नाट्यगृहात नसतात. नाटकाआधी भाषण नको, सत्कार तर नकोच नको. आणि बाईंनो, गुरुजींनो, मुलं खलनायकावर ओरडली तर ओठांवर बोट ठेवून त्यांना दाबू नका. नटाला तो आवाज हवा असतो.

शेवटचा मुद्दा, आणि हा सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या शाळांच्या सहली डिसेंबर-जानेवारीत निघतात. तेव्हा कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो. जत-आटपाडीकडची कितीतरी मुलं आई-वडिलांबरोबर ऊसतोडीला, कोपीत असतात. पटावर नाव असतं, बाकावर मूल नसतं. म्हणून नाटक जुलै ते सप्टेंबरमध्येच दाखवा. पाऊस असला तरी नाट्यगृहाला छप्पर आहे.

इथे नगरसेवक बसले आहेत, संस्थाचालक आहेत, नाट्यसंस्थांचे कार्यकर्ते आहेत. नाट्यगृहाच्या वहीत जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबरचे सगळे बुधवार दुपारी बारा ते तीन शाळांसाठी राखून ठेवा; भाडं पालिकेनं सोसावं, नटांचं मानधन पूर्ण द्यावं. मुख्याध्यापकांनो, जूनच्या मध्याला शाळा उघडतील तेव्हा वर्षाचं नियोजन लिहिताना त्यातला एक बुधवार आधी लिहा. फी भरली नाही, गणवेश नाही, वागणूक बरी नाही, अशा कुठल्याही कारणानं एकाही मुलाला शाळेत मागे ठेवून येऊ नका.