रेशनकार्ड आणलंय का?

(एस.एस.सी. १९८२ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण, जानेवारी २०२५)



संयोजकांनी मला 'आरोग्य' या विषयावर बोलायला सांगितलं, तेव्हा त्यांच्या मनात सकाळचं चालणं, गोड कमी खाणं असं काहीतरी असावं. ते आपल्यातल्या डॉक्टर मंडळींनी सांगावं. मी तीस वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलात वैद्यकीय समाजसेविका होते आणि समोर बसणाऱ्याला माझा पहिला प्रश्न ठरलेला असे, "रेशनकार्ड आणलंय का?" आज तोच तुम्हाला विचारणार आहे.

आपण मार्च १९८२ मध्ये दहावीला बसलो. १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला होता. वर्गातल्या कितीतरी जणांचे वडील गिरणीत. पगार थांबला, हे सगळ्यांनाच आठवतं. पण त्याच्या मागोमाग आणखी एक गोष्ट गेली, तिची चर्चा कोणी केली नाही. ते म्हणजे ईएसआयचं कार्ड.

कामगार राज्य विमा योजना मुंबईत १९५४ साली आली. पगारातून थोडे पैसे कापले जात, मालकाचा हिस्सा पडे आणि त्यात घरातल्या सगळ्यांचं औषधपाणी होई. आमच्या लालबागच्या चाळीजवळ पॅनेलचे डॉक्टर होते. मोठं काही निघालं की परळचं गांधी हॉस्पिटल. धाकट्या भावाचं अपेंडिक्स तिथंच काढलं आणि वडिलांना खिशात हात घालावा लागला नाही. पण हा सगळा हक्क हजेरीपटाला बांधलेला. पगार नाही म्हणून हप्ता नाही, हप्ता नाही म्हणून काही महिन्यांत हक्कही नाही. सुमारे अडीच लाख कामगार संपात होते. त्यातल्या हजारोंना पुन्हा आत घेतलंच नाही. कोणी वॉचमन झालं, कोणी भाजीची गाडी लावली, आयांनी पोळीभाजीचे डबे सुरू केले. या कामांना हजेरीपट कुठला?

माझ्या आईनं छातीतली गाठ वर्षभर लपवली. घरात आता कार्ड नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता. या कामात कशी आले असं कोणी विचारलं, तर मी एवढंच सांगते.

सुरुवातीची वर्षं अर्ज लिहिण्यात गेली. उत्पन्नाचा दाखला आणा, सिद्धिविनायकला अर्ज करा, मुख्यमंत्री निधीला करा, तोवर पुअर बॉक्समधून काही निघतं का बघू. सर्जन तयार असायचे आणि पेशंट पैशांसाठी थांबलेला असायचा. २ जुलै २०१२ ला राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात मुंबई होती. पिवळं किंवा केशरी कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे ठरावीक ९७२ उपचार फुकट. नोकरी आहे की नाही, हे विचारायचंच नाही! संपानंतर तीस वर्षांनी औषधोपचार हजेरीपटापासून सुटले. मला त्या दिवशी घरी जाऊन वडिलांना सांगावंसं वाटलं, पण ते नव्हते.

आता एक गोष्ट, ज्याची आहे त्याच्या परवानगीनं. २०१४ मध्ये मी तुम्हा सगळ्यांकडून पैसे गोळा केले होते. 'आपल्यातल्या एकासाठी' एवढंच सांगितलं होतं. तो मंडपाच्या कामावर रोजंदारीवर जाई. गणपती-नवरात्र झालं की बसून. स्टेंट घालायचा होता. मी सवयीनं कार्ड मागितलं तर त्यानं पांढरं काढलं! १९९९ मध्ये तीन रंगांची कार्डं आली तेव्हा कोणीतरी सांगितलं, धान्य घेणार नसाल तर पांढरंच बरं, पत्त्याचा पुरावा म्हणून चालतं, शिवाय चारचौघांत बरं दिसतं. तेवढ्यावर तो योजनेबाहेर. कार्ड बदलायला वेळ नव्हता. तुमचे पैसे आणि वहिनींच्या बांगड्या, यावर ते ऑपरेशन झालं. तो आज तिसऱ्या रांगेत बसून तिसरी जिलबी खातो आहे, तेही मला दिसतं आहे.

ही योजना आज महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना या नावानं चालते. २०२३ मध्ये सरकारनं ती सगळ्या रेशनकार्डांना, म्हणजे पांढऱ्यालाही, लागू करायचं ठरवलं. १ जुलै २०२४ ला मर्यादा कुटुंबाला वर्षाला पाच लाख झाली आणि तेव्हा उपचार १,३५६ होते. गोष्ट चांगली झाली, पण मला दोन शंका आहेत. एक, योजना मुख्यतः हॉस्पिटलात दाखल झाल्यावरची आहे. शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्या त्यात नाहीत, आणि आपल्या वयाला घर पोखरतात त्या गोळ्याच. त्यासाठी महापालिकेचा 'आपला दवाखाना' जवळ असेल तर लाजू नका. दुसरी शंका कार्डाचीच. आपल्यातले निम्मे लालबाग-परळ सोडून विरार, डोंबिवली, बदलापूरला गेले. कार्ड जुन्या पत्त्यावर, भावाच्या नावाखाली. सुनेचं नाव अजून तिच्या माहेरच्या कार्डावर. ज्याचं नाव कार्डात नाही, त्याच्यासाठी आरोग्यमित्राच्या टेबलाशी धावपळ सुरू होते, आणि ती नेमकी रात्री दोन वाजता करावी लागते.

सर आणि बाईंसाठी वेगळं सांगते. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी २९ ऑक्टोबर २०२४ पासून 'आयुष्मान वय वंदना' कार्ड सुरू झालं आहे. उत्पन्नाची अट नाही. आधार लागतं.

जेवणानंतर मी दाराजवळच्या टेबलाशी बसते. कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर दाखवा, नसेल तर घरी फोन करून मागवा. आधी सर आणि बाई, मग बाकीचे. आणि कृपा करून चारचौघांत नको म्हणून मागं थांबू नका, आपण सगळे एकाच चाळीतले आहोत.