परमुलखातला रविवार



न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली ही वसंत व्याख्यानमाला सुरू केली. कामधंदा आटोपलेल्या माणसाने उन्हाळ्याच्या संध्याकाळी कोठे जाऊन बसावे, या प्रश्नाला पुण्याने दिलेले ते एक उत्तरच म्हणावयाचे. आज आपण येथे आलात ते कोणी नाव घेऊन बोलावले म्हणून नव्हे. पायांत चपला सरकवल्या आणि आलात. वक्ता कंटाळवाणा निघाला तर मधूनच उठून जाल, तेही कोणाला न विचारता. ही मोकळीक आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती काही विशेष गोष्ट आहे हे आपल्या ध्यानातही येत नाही. परमुलखात बिऱ्हाड केलेल्या माणसाच्या मात्र ते पहिल्याच रविवारी ध्यानात येते. आजचा आमचा विषय तोच आहे.

आम्ही उभयता नोकरीच्या निमित्ताने जर्मनीत श्टुटगार्ट येथे काही वर्षे राहिलो. पुण्याचे पुष्कळ इंजिनियर तिकडे असतात, आणि मुंबईशी तर या शहराचे १९६८ पासून भगिनी-शहराचे नाते आहे. निघण्यापूर्वी आम्हांला ज्यांनी ज्यांनी उपदेश केला, त्यांनी तो कामाच्या दिवसांविषयी केला. घर कसे मिळवावे, विमा कोणता घ्यावा, बँकेत काय दाखवावे. ही चिंता खरी, पण ती फार दिवस टिकत नाही. नव्या घरात राहावयास गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नगरकचेरीत नाव नोंदवावेच लागते, त्या नोंदीवाचून पुढची कामे अडतात, आणि म्हणून ती कशीबशी पार पडतातच. सोमवार ते शुक्रवार माणसाला कामच वाहून नेते. रविवारी त्याला वाहून नेणारे कोणी नसते.

आमचा पहिला रविवार सांगतो. सकाळी दूध संपले म्हणून पिशवी घेऊन बाहेर पडलो, तो सारी दुकाने बंद. दुसऱ्या रस्त्याला गेलो, तेथेही तेच. कोणी मोठा पुढारी वारला की काय, अशी शंका मनात आली! अखेर आगगाडीच्या स्टेशनावर दूध मिळाले. पुढे कळले की रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून राखावा, असे कलम त्या देशाच्या १९१९ च्या घटनेत होते आणि १९४९ च्या घटनेने ते तसेच उचलून घेतले. घरी आलो, आणि रिकामा वेळ आहे तर भिंतीवर तसबीर लावावी म्हणून खिळा ठोकू लागलो. चार ठोके पडले नाहीत तोच खालच्या मजल्यावरच्या वृद्ध बाई दारात उभ्या. त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी फक्त भिंतीवरचे कॅलेंडर दाखवले.

याच बाईंनी आम्हांला त्या शहराची दुसरी रीत शिकवली. त्या प्रांतात भाडेकरूंनी आळीपाळीने जिना, वाट आणि अंगणाचा पुढचा भाग झाडावयाचा असतो. ज्याची पाळी असेल त्याच्या दारावर एक पाटी लटकते, आणि आठवडा संपला की ती शेजाऱ्याच्या दारावर जाते. या पाळीला ते लोक ‘केरवोखे’ म्हणतात. वोखे म्हणजे आठवडा. पहिला शब्द ऐकताच मराठी माणसाचे कान टवकारतात, पण हे नुसते ध्वनीचे साम्य आहे. व्युत्पत्तिशास्त्रज्ञांनी उगाच धावू नये. पुण्यात ज्याने कधी हातात केरसुणी धरली नाही, त्याला शनिवारी सकाळी जिना झाडताना प्रथम मोठी लाज वाटते. परंतु आमचा अनुभव असा की त्या इमारतीतल्या चार घरांशी आमची खरी ओळख झाली ती जिन्यावर, हातात झाडू असताना. तोवर नुसते नमस्कार होते.

तरीही जिना झाडून अर्धा तास जातो. पुढे काय? येथे पुण्याच्या माणसाची खरी अडचण सुरू होते. आपल्याकडे मोकळा वेळ घालवावा लागत नाही, तो आपोआप जातो. ‘सहज डोकावलो’ हे दोन शब्द उच्चारून कोणाच्याही घरात शिरता येते. तिकडे सहज डोकावण्याची सोय नाही. चहाला जावयाचे तर पंधरा दिवस आधी ठरते, आणि ठरल्या वेळेला पाच मिनिटे उशीर झाला तरी फोन करावा लागतो. यावरून आपले लोक झटकन निकाल देतात की ती माणसे कोरडी आहेत. हा निकाल आम्हांला उतावळा वाटतो. त्यांचा मोकळा वेळ घराच्या ओसरीवर नसून मंडळांत असतो, एवढेच. त्यांच्या भाषेत मंडळाला ‘फेराइन’ म्हणतात. सात माणसे जमली की ते रीतसर नोंदवता येते. गाण्याचे, पोहण्याचे, बुद्धिबळाचे, सशांचे, परसबागांचे, हरतऱ्हेचे फेराइन तेथे आहे. डोंगर तुडवणाऱ्यांचा त्या प्रांतातला संघ १८८८ सालचा आहे. गणपती मंडळांच्या गावातून गेलेल्या माणसाला हे परके का वाटावे? पण वाटते खरे, कारण मंडळात जावयाचे तर आपण होऊन दार ठोठवावे लागते, आणि मोडक्या भाषेत बोलावे लागते.

हा प्रश्न काही आजचा नाही. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. त्यांचे वय तेव्हा अवघे अठरा. फिलाडेल्फियाच्या वैद्यकीय कॉलेजात जाण्यापूर्वीचा उन्हाळा त्यांनी न्यू जर्सीतील रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या कुटुंबात काढला. अभ्यास अजून सुरू व्हावयाचा होता. म्हणजे त्यांच्या वाट्याला प्रथम आला तो मोकळा वेळच. त्या वेळात त्यांनी काय केले? त्या घरातल्या मुलींत त्या मिसळल्या आणि कार्पेंटरबाईंना ‘मावशी’ म्हणू लागल्या. लुगडे सोडले नाही, शाकाहार सोडला नाही, आणि तरीही एका परक्या घरात त्यांनी एक नाते निर्माण केले. पुढचा कडक हिवाळा आणि दुखणे सोसताना तो उन्हाळा त्यांच्या गाठीशी होता, असे आम्हांला वाटते. १८८६ च्या मार्चमध्ये त्या डॉक्टर झाल्या. पुढच्याच वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांची रक्षा मावशींकडे पाठवण्यात आली, आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकीप्सी येथे मावशींच्या घराण्याच्या स्मशानभूमीत ती आजही आहे.

त्याच गोष्टीची दुसरी बाजू आपण सहसा पाहत नाही. १८८५ साली गोपाळराव अमेरिकेत गेले. पत्नीला कॉलेज होते. त्यांना नेमून दिलेले काही नव्हते. त्यांनी त्या देशाच्या चालीरीतींवर टीकेची व्याख्याने दिली. त्या टीकेत तथ्य नव्हते असे नाही. पण एका घरात एकाला काम आणि दुसऱ्याला नुसता रिकामा वेळ, हा पेच त्यांच्या संसारात १८८५ मध्ये होता, आणि आज तो शेकडो मराठी घरांत आहे. फरक एवढाच की आज बहुधा काम नवऱ्याला असते आणि रिकामा वेळ बायकोला.

आमच्या शेजारच्या इमारतीत नारायण पेठेतली एक मुलगी लग्न होऊन आली होती. पुण्यात चांगली नोकरी करीत होती. जर्मनीत कौशल्याच्या नोकरीवर आलेल्या माणसाच्या पत्नीला काम करण्याची परवानगी असते, पण भाषा येत नसेल तर त्या परवानगीचे करावयाचे काय? नवरा आठला जाई तो सहाला येई. हिवाळ्यात तिथे चारच्या सुमारास दिवे लागतात. ही मुलगी सकाळी नऊला आईला फोन लावी, तेव्हा पुण्यात दीड वाजलेला असे आणि आई नुकती जेवून आडवी झालेली असे. संध्याकाळी सातला पुन्हा मन भरून येई, तेव्हा पुण्यात साडेअकरा. आई जागी राही. मधल्या वेळात मोबाईलवर मराठी मालिका. देह श्टुटगार्टात आणि वेळ सगळा नारायण पेठेत! आनंदीबाईंच्या पत्राला समुद्र ओलांडावा लागे. त्या सक्तीनेच त्यांना मावशींकडे वळवले असेल. आज ती सक्ती नाही. फोनने माणसे जवळ राहिली हे आम्ही कृतज्ञतेने मान्य करतो, पण समोरच्या रस्त्यावर उतरण्याची गरजही त्यानेच काढून घेतली.

यावर आपल्या लोकांचा ठरलेला तोडगा म्हणजे महाराष्ट्र मंडळ. लंडनचे मंडळ न. चिं. केळकरांच्या प्रेरणेने १९३२ साली निघाले, आणि तेव्हापासून जगभर जेथे जेथे पन्नास मराठी घरे झाली तेथे तेथे ते निघत आले आहे. आम्ही त्याचे ऋणी आहोत. सभागृह मिळेल त्या शनिवारी बसवलेल्या गणपतीपुढे आरती म्हणताना आमचाही कंठ दाटून आला आहे. पण स्पष्ट बोलावयाचे तर, ज्यांचा प्रत्येक रविवार त्याच चार घरांत, त्याच बटाटेवड्यांवर आणि पुण्यातल्या जागांच्या भावावर जातो, अशी दहा-दहा वर्षे राहिलेली माणसेही आम्ही पाहिली. त्यांना त्या शहरातला एकही जिना माहीत नव्हता. जिना म्हणण्याचे कारण असे की श्टुटगार्ट हे खोलगट वाटीत वसलेले असून चारी बाजूंच्या उतारांवर चारशेहून अधिक दगडी जिने आहेत. पूर्वी द्राक्षमळ्यांत जाण्यासाठी ते होते. आता तेथून शहर पाहावयाचे असते, आणि त्याला पैसा पडत नाही.

त्या मुलीला बाहेर काढले ते आमच्या खालच्या बाईंनी. त्यांनी तिला प्रथम लोकशाळेच्या भाषावर्गाला घातले. अशा प्रौढांच्या शाळा तिकडे गावोगावी असतात आणि त्यांची फी बेताची असते. मग एका रविवारी डोंगरसंघाच्या फेरीला नेले. फेरीत बहुतेक साठी उलटलेली मंडळी. त्यांनी तिला जात, पगार, मुले केव्हा, यांतले काहीच विचारले नाही. पायांतले जोडे मात्र सगळ्यांनी वाकून पाहिले आणि ते कुचकामी आहेत असा एकमुखाने निर्णय दिला. पुढच्या फेरीला कोणीतरी आपल्या नातीचे जोडे आणून दिले. चढावर दम लागतो, त्यामुळे वाक्ये लहान होतात. नवी भाषा शिकावयास हे फार सोयीचे पडते, असे ती सांगे. दोन हिवाळ्यांनंतर तिला नोकरी लागली. तोवर सकाळचा नऊचा फोन आठवड्यातून दोनदा झाला होता.

तिच्या आईला हे बरे वाटले आणि वाईटही वाटले. या माउलीला आम्ही पुण्यात परत आल्यावर भेटलो. मुलगी गेल्या मे महिन्यात आली होती. दोघी पहाटे पर्वतीवर गेल्या. एकशे तीन पायऱ्या मुलगी न थांबता चढली आणि वरून आईला म्हणाली, “आमच्याकडे याहून उंच जिने आहेत.” आईने कठड्याला धरून विचारले, “आमच्याकडे म्हणजे कुठं गं?” मुलगी थोडी थबकली, मग हसून चार पायऱ्या खाली आली आणि तिने आईचा हात धरला. उरलेल्या पायऱ्या दोघी सावकाश चढल्या.

हे सांगून त्या बाई आम्हांला म्हणाल्या, “तिथं दुधाचं दुकान रविवारी खरंच बंद असतं का हो? मला जायचंय पुढच्या उन्हाळ्यात. नव्वद दिवसच राहू देतात म्हणे. शनिवारीच आणून ठेवायला तिला सांगायला हवं.”