फटक्यांआधीचा पुरावा



फटक्यांच्या शिक्षेबद्दल बोलताना मला आधी पुराव्याबद्दल बोलायचं आहे.

पाकिस्तानात जनरल झियांनी १९७९ साली हुदूद वटहुकूम आणले. बलात्काऱ्याला हद्दची, म्हणजे सर्वांत कडक शिक्षा द्यायची, तर त्याची कबुली किंवा चार प्रौढ मुस्लिम पुरुषांची प्रत्यक्ष साक्ष हवी. तिथे बाईची साक्ष धरत नसत. विवाहबाह्य संबंधही गुन्हा ठरला. त्यामुळे बलात्कार सिद्ध झाला नाही, की बाईची तक्रार हीच तिची कबुली आणि गर्भ हाच पुरावा मानला जाई. १९८३ साली एका अंध मुलीला ३ वर्षं कैद, दंड आणि १५ फटके सुनावले. आरोपी पुरुष पुराव्याअभावी सुटला. देशभर ओरड झाली, तेव्हा संघीय शरियत न्यायालयाने तिची शिक्षा रद्द केली.

ही ओरड करणाऱ्यांत मुसलमान स्त्रियाच पुढे होत्या. विमेन्स ॲक्शन फोरम, वकील अस्मा जहांगीर, हिना जिलानी वर्षानुवर्षं लढल्या. १९९६ साली हद्द सोडून इतर गुन्ह्यांतले फटके गेले. २००६ साली बलात्कार पुन्हा दंडसंहितेत आला.

मी वस्त्यांमध्ये काम करते. तिथेही बाईला पहिला प्रश्न येतो, "पाहिलं कुणी?" म्हणून 'हे त्यांच्या धर्मातलं' असं म्हणून हात झटकू नका. फटका नंतर पडतो. बाईचा शब्द त्याआधीच खोटा ठरलेला असतो.