मूर्ती किती?
(मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



अध्यक्षांनी मला ‘नर्मदा परिक्रमेचे अनुभव’ असा विषय दिला आहे. अनुभव म्हटलं की आपल्याकडे लोक चमत्काराची वाट पाहतात. मैया कुमारिकेच्या रूपात आली का, वाट चुकल्यावर कोणी म्हातारा भेटून दिसेनासा झाला का, हे मला सराफ्यात भाजी घेतानासुद्धा विचारलं गेलंय. ज्यांना तसं काही दिसलं त्यांचा मी आदर करते. मला दिसले ते पाय, भूक आणि दुसऱ्यांची घरं. त्याबद्दल बोलते.

नर्मदेची लांबी १३१२ किलोमीटर. अमरकंटकपासून भरूचच्या पुढे खंबातच्या आखातापर्यंत. दोन्ही काठ धरले तर पायी अंतर अडीच हजार किलोमीटरच्या वर जातं, कारण वाट नदीसारखी सरळ चालत नाही. नदी उजव्या हाताला ठेवायची आणि ओलांडायची नाही, चातुर्मासात एका जागी राहायचं. शास्त्राप्रमाणे तीन वर्षं, तीन महिने, तेरा दिवस. हल्ली बहुतेक जण पाच-सहा महिन्यांत करतात. मी आणि माझी धाकटी नणंद २०१८ च्या देवउठणी एकादशीनंतर ओंकारेश्वरहून निघालो. मी एकसष्ट वर्षांची, ती अठ्ठावन्न. बसने पंधरा-वीस दिवसांत परिक्रमा करणारेही आहेत. त्यांना नावं ठेवू नका. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाने काठावर जाऊच नये, असं थोडंच आहे?

आता पाय. पहिल्या आठवड्यात फोड येतात, ते सगळ्यांनाच येतात. फोड फोडायचा की नाही यावर प्रत्येक आश्रमात परिसंवाद चालतो. सुईत दोरा ओवून आरपार काढायचा आणि दोरा आतच ठेवायचा, ही निमाडातल्या एका आजींची पद्धत. डॉक्टर मंडळी इथे बसली आहेत, ती मान हलवताहेत, मला दिसतंय. आमच्यापुरतं सांगते, सुई आधी दिव्यावर धरली आणि ती पद्धत चालली. त्याहून मोठा प्रश्न पाठीचा. निघताना नणंदेच्या पिशवीचं वजन साडेअकरा किलो होतं. त्यात मेतकूट, लसणाची चटणी, दोन स्वेटर, वाचायला ज्ञानेश्वरी आणि इस्त्री केलेली एक साडी, ‘कुठे समारंभ असला तर’. रावेरखेडीला थोरल्या बाजीरावांच्या समाधीपाशी आम्ही बसलो तेव्हा ती म्हणाली, “वहिनी, हा माणूस घोड्यावर कणसं चोळून खात दिल्लीपर्यंत गेला म्हणतात, आणि मी मेतकूट वाहतेय.” तिथल्याच एका घरी मेतकूट, चटणी आणि साडी देऊन टाकली. ज्ञानेश्वरी राहिली. पिशवी सात किलोवर आली.

पण पहिल्या पंधरा दिवसांत खरं जड होतं ते मागणं. आपण इंदूरची माणसं. आपल्या दारी कोणी आलं तर पोहे-जिलबी केल्याशिवाय सोडत नाही, पण दुसऱ्याच्या दारात ‘जेवायला मिळेल का’ म्हणून उभं राहायची सवय आपल्याला नाही. संध्याकाळी आश्रमाच्या किंवा एखाद्या घराच्या ओसरीशी जाऊन ‘नर्मदे हर’ म्हणायचं. आतून विचारतात, “कितनी मूर्ति?” माणसं किती, असं विचारत नाहीत. “दोन मूर्ती,” म्हणायचं. मग सतरंजी मिळते आणि टिक्कड-डाळ मिळते, किंवा सदाव्रत मिळतं, म्हणजे शिधा, आणि चूल आपली आपण पेटवायची. तोंडातून ‘दोन मूर्ती’ सहज निघायला मला बारा दिवस लागले. बँकेत अधिकारी म्हणून निवृत्त झालेल्या बाईला ते सोपं नसतं. नणंद शिक्षिका, तिला आधी जमलं.

बडवानीपर्यंत सगळं निमाड. आपलंच म्हणायचं, ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, कपाशीची शेतं. लेपा गावी भारती ठाकूर यांचं काम पाहिलं. नाशिकच्या या बाई स्वतः परिक्रमा करून गेल्या आणि नंतर इथे येऊन मुलांसाठी शाळा उभी केली. बडवानीच्या राजघाटाला गांधीजींच्या रक्षेवरची समाधी होती, ती धरणाच्या पाण्यामुळे २०१७ साली वर हलवली. तिथून पुढे सातपुडा सुरू होतो. जुन्या लोकांची शूलपाणीची झाडी ती हीच.

आपण सगळ्यांनी गो. नी. दांडेकरांची ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ वाचलेली असते, जगन्नाथ कुंट्यांचं ‘नर्मदे हर हर’ही वाचलेलं असतं, त्यामुळे झाडी म्हटलं की एकच चित्र डोळ्यांपुढे येतं. भिल्ल येतात आणि अंगावरच्या लंगोटीपर्यंत सगळं काढून घेतात. ती झाडी आज जागेवर नाही. काठाकाठाची वाट सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. शूलपाणेश्वराचं जुनं देऊळही गेलं, नवं गोरा इथे बांधलं. आताची वाट पाण्यापासून दूर, डोंगराच्या पाठीवरून जाते. पाटी, बोकराटा, भादल, खपरमाळ, बिलगाव, माथासर, मग गोरा. डोंगर चढायचा, दरीत उतरायचं, ओढा ओलांडायचा, पुन्हा पुढचा डोंगर. झाडं आहेत पण घनदाट म्हणण्यासारखी थोडी. नकाशावर जे दोन बोटं दिसतं त्याला दिवस जातो. चढणीला दम लागतो, पण गुडघे मारते ती उतरण. मुरमाड पायवाटेवर काठी नसेल तर बसून घसरत उतरावं लागतं, आणि आम्ही दोघी काही ठिकाणी तशा उतरलो. त्यात लाज वाटायचं कारण नाही, लुगड्याचा मागचा भाग तेवढा फाटतो.

एका उतरत्या संध्याकाळी आम्ही एका पाड्यावर पोचलो. पाडा म्हणजे तिथे सलग घरं नसतात, एका टेकडीवर एक, दुसरीवर दुसरं. कुडाची, शेणामातीने सारवलेली घरं. घरात नवरा-बायको, म्हातारी आणि चार मुलं. त्याने विचारलं, “कितनी मूर्ति?” मी दोन म्हटलं. बाईने मक्याचं पीठ काढलं. डबा खरवडल्याचा आवाज मी ऐकला. आम्हाला दोन-दोन भाकरी, उडदाची डाळ, मिरचीचा ठेचा. त्यांनी नंतर काय खाल्लं ते मला माहीत नाही, कारण आम्हाला आधी वाढून ती माणसं बाहेर शेकोटीला जाऊन बसली. थंडी अशी होती की पहाटे तांब्यातलं पाणी दातांना लागेना. म्हातारीने स्वतःची गोधडी आमच्यावर टाकली. सकाळी मी पैसे पुढे केले. त्याने हात मागे घेतले आणि म्हणाला, “माताराम, मैया का है.”

मंडळी, मला या ठिकाणी थोडं थांबायचं आहे. तो पाडा ज्या धरणाच्या पाण्याने वर ढकलला, त्याच नदीच्या नावाने तो माणूस मला जेवू घालत होता. महाराष्ट्रातली अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतली तेहतीस गावं या धरणात सापडली. बिलगावला उदई नदीच्या धबधब्यावर गावकऱ्यांनी २००३ साली राबून छोटा वीजप्रकल्प उभा केला होता, बुडिताच्या पाण्यात तो गेला. ‘पूर्वी इथले लोक लुटायचे’ हे वाक्य परिक्रमावासी अजून बोलतात, आणि ते ऐकताना मला त्या पिठाच्या डब्याचा आवाज आठवतो. मैया देते हे खरंच. पण ती ज्याच्या डब्यातून देते, त्याचा डबा दुसऱ्या दिवशी कोण भरतं? आता दर वर्षी चालणारे वाढताहेत. एका पाड्यावर हंगामात रोज दोन मूर्ती आल्या तर हिशोब करा. म्हणून आम्ही पुढे ठरवलं की जिथे दुकान लागेल तिथे दोन किलो पीठ, अर्धा किलो डाळ घ्यायची आणि संध्याकाळी घरात शिरताना आधी ती चुलीजवळ ठेवायची. पैसे नाकारणारं घर शिधा नाकारत नाही. वजन वाढतं, वाढू द्या.

आणि गोळ्या वाटू नका. वाटेवर मुलं ‘नर्मदे हर’ करत धावत येतात आणि हात पसरतात. परिक्रमावासींनीच लावलेली ही सवय. ज्या घरातला बाप पैशाला हात लावत नाही, त्याच घरातल्या मुलाला आपण मागायला शिकवायचं आणि वर त्याचा फोटो काढायचा, हे मला पटत नाही.

या डोंगरात एक गोष्ट घडली, ती खास आपल्या मंडळासाठी. भादलच्या आसपास मध्य प्रदेश संपतो आणि महाराष्ट्र लागतो. नणंदेने वाकून माती कपाळाला लावली. आमच्या घराण्याला होळकरांच्या काळात इंदूरला येऊन कितीतरी पिढ्या झाल्या, तेव्हापासून घरात मराठी टिकवली, मुलांना ओरडून ओरडून मराठी बोलायला लावलं. आणि आता पायी चालत महाराष्ट्रात शिरलो तर पहिल्या तीन पाड्यांवर मराठी कोणालाच येत नव्हती! ते पावरी बोलतात. आमच्याशी बोलले ते मोडक्या हिंदीत. चौथ्या ठिकाणी जिल्हा परिषदेची शाळा होती. तिथला तिसरीतला एक मुलगा बालभारतीचं पुस्तक घेऊन आमच्यासमोर उभा राहिला आणि एकेक अक्षर लावत त्याने पानभर वाचलं. त्याच्या घरात त्यातला एक शब्दही बोलत नाहीत. नणंद शिक्षिका, तिने त्याला दोन ठिकाणी अडवलं नाही, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. रात्री ती म्हणाली, “आपली मुलं घरात ऐकून शिकली तरी कुरकुर करतात. याला तर हे इंग्रजीसारखंच.”

गोऱ्याला डोंगर संपतो आणि एकदम रस्ते, बसगाड्या, हॉटेलं. सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर खुला झाला होता, गर्दी तुफान. आम्ही फाटक्या लुगड्यांत, काठ्या घेऊन, त्या गर्दीतून चाललो. कोणी आम्हाला दहा रुपये दिले. आम्ही घेतले.

गुजरातचा भाग आपले वडोदऱ्याचे पाहुणे माझ्याहून चांगला सांगतील. विमलेश्वरहून मिठी तलाईला नाव भरतीच्या वेळेवर सुटते, आखातात दुसरा किनारा दिसत नाही, आणि निम्मे लोक उलट्या करतात. उत्तर काठाला गरुडेश्वरी टेंबे स्वामींच्या समाधीपाशी चक्क मराठी आरती ऐकली, तेव्हा मात्र डोळे भरले.

जबलपूरला, ग्वारीघाटावर, नणंदेचा उजवा गुडघा सुजून घागरीएवढा झाला. डॉक्टरांनी सांगितलं, आता चालाल तर कायमचं बसाल. ती रात्रभर काही बोलली नाही. सकाळी म्हणाली, “वहिनी, तू पुढे जा. दोघींनी थांबून काय होणार?” तिच्या भावाने तिला येऊन नेलं. मी अमरकंटकला एकटी गेले. सालवृक्षांच्या जंगलातून, हजार मीटर उंचीवर, जिथे नदी एका कुंडात मावते. आखातात जिचा दुसरा काठ दिसला नव्हता तिला वळसा घालायला इथे काही पावलं पुरतात. ते पाहायला सोबत ती हवी होती.

ती घरी आली तेव्हा आपल्यातल्याच काही लोकांनी तिला विचारलं, परिक्रमा खंडित झाली म्हणजे दोष लागतो का, शांत करावी लागते का. ती महिनाभर बाहेर पडत नव्हती. हे इथे बोलायची मी तिची परवानगी घेतली आहे. जबलपूरचे अमृतलाल वेगड, ज्यांच्या पुस्तकांनी हिंदी-गुजराती वाचकाला ही नदी दाखवली, त्यांनी १९७७ साली, पन्नाशीला टेकताना चालायला सुरुवात केली आणि वर्षांमागून वर्षं तुकड्यातुकड्यांनी चालले. चित्रकार माणूस, कॉलेजात शिकवायचे, सुट्टी मिळेल तेव्हा जायचे. त्यांच्या परिक्रमेला कोणी अर्धवट म्हणत नाही. नणंद २०२१ च्या कार्तिकात पुन्हा ग्वारीघाटावर उभी राहिली, जिथे थांबली होती तिथेच, आणि दोन हंगामांत ओंकारेश्वरला पोचली. कढाई झाली, कन्याभोजन झालं. पहिल्या रांगेत बसली आहे ती.

यंदा कार्तिकात जाणाऱ्या चार जणींनी नावं दिली आहेत. त्यांच्यासाठी थोडं. ग्रामपंचायतीचा किंवा आपल्या भागातला ओळखीचा दाखला, आधारची प्रत आणि आश्रमांचे शिक्के घ्यायला एक वही ठेवा. बूट नवे नकोत, दोन महिने वापरलेले हवेत. रक्तदाबाची गोळी पंधरा दिवसांपुरतीच न्या, पुढची घरून मागवता येते. बायकांसाठी सांगते, पहाटे साडेचारला उठायची सवय आतापासून करा. उघड्यावर जायचं असतं आणि सहानंतर काठ जागा असतो. झाडीत शिरण्यापूर्वी बडवानीला दोन दिवस पाय उशीवर ठेवून झोपा.

आणि पिशवी भरून झाली की आमच्या घरी घेऊन या. रद्दीवाल्याचा काटा आहे आमच्याकडे. सात किलोच्या वर भरली तर नणंद स्वतः उघडून काय काढायचं ते सांगेल.